पोरीले ही सुई कायले? एचपीव्ही लशीबद्दल गावातल्या आया विचारतात ते प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. गावात मला सिस्टर म्हणतात, म्हाताऱ्या बाया नर्सबाई म्हणतात. एचपीव्ही लशीचं नाव निघालं की आया मला बाजूला घेऊन विचारतात. पालकसभेत सरांसमोर कोणी तोंड उघडत नाही. गिरणीत दळण होईपर्यंत, वेचणीला जायला ऑटोची वाट बघताना, नाहीतर तान्ह्या लेकराला डोस द्यायला आल्यावर हळूच विषय निघतो. ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत खाली दिले आहेत आणि उत्तरं मी तोंडी देते तशीच लिहिली आहेत. अवघड वाटणारं काही गाळलेलं नाही. एकदा गाळलं की पुढच्या दहा लशींवरचा भरवसा जातो, हे मी नोकरीत बघितलं आहे.

ही सुई कशाची हाये, सिस्टर?

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणारी. आपल्याकडे सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात, पण पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा आणि आतल्या पिशवीचा वेगळा. ही लस तोंडाच्या कॅन्सरसाठी आहे.

हा कॅन्सर जवळपास प्रत्येक वेळी एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, तेच एचपीव्ही. जर्मनीच्या हाराल्ड झुर हाउझेन यांनी हा संबंध दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळालं. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काहींनी नुसते चामखीळ येतात. १६ आणि १८ नंबरचे मात्र सगळ्यात घातक. जगातल्या गर्भाशयमुखाच्या दहा कॅन्सरपैकी सात या दोघांमुळे होतात, आणि लस या दोघांना अडवते. एखाद्या कॅन्सरचं कारण सापडावं आणि त्यावर लसही निघावी, हे फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत झालं आहे. म्हणून मला ही सुई इतकी मोलाची वाटते.

आमच्या घरात कोणालेच कॅन्सर नाई. मंग आमाले कायले पायजे?

हा आजार रक्तातून, पिढीतून येत नाही. आईला नव्हता म्हणून लेकीला होणार नाही, असा हिशेब इथे चालत नाही. विषाणू शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. संडासातून, एका ताटात जेवल्यानं किंवा हात धरल्यानं नाही. लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतोच, पुरुषांनाही आणि बायांनाही. एका नवऱ्याशी एकनिष्ठ राहिलेल्या बाईलाही लागतो. त्याचा चारित्र्याशी काही संबंध नाही, आणि हे वाक्य मी प्रत्येक सभेत दोनदा बोलते.

दहातल्या नऊ बायांचं शरीर तो विषाणू दीड-दोन वर्षांत आपोआप काढून टाकतं. कळतही नाही. उरलेल्या थोड्या बायांत तो मुक्कामाला राहतो, पेशी हळूहळू बिघडवतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. म्हणजे अठराव्या वर्षी लागलेला विषाणू चाळिशीत उमटतो. तेव्हा घरात लेकरं शिकत असतात, लेकीचं लग्न काढलेलं असतं.

२०२२ च्या जागतिक आकडेवारीत भारतातल्या सव्वा लाखाहून जास्त बायांना हा कॅन्सर नव्यानं झाला आणि जवळपास ऐंशी हजार बाया गेल्या. दिवसाला दोनशेहून जास्त. त्यातली एक माझ्या हद्दीतली होती, असं मी धरून चालते, कारण दरवर्षी एखादी असतेच. एक बाई माझ्या कायम डोळ्यांपुढे येते. सहा महिने अंगावरून वासाचं पाणी जात होतं. लोकांना वास येऊ नये म्हणून ती अंगणात वेगळी बाज टाकून झोपायची. सासूला वाटलं, विटाळाचं काही असेल. कापूस घरी येऊ दे, मग दाखवू, असं करत संक्रांत गेली. नागपूरला नेलं तेव्हा आजार आजूबाजूला पसरला होता. तिची धाकटी पोरगी तेव्हा सातवीत होती.

एवढीशी पोरगी, तिले आत्ताच कायले? लगन झाल्यावर पाहू.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि त्यात काही चूक नाही. लगनाशी संबंधित आजार म्हटल्यावर लस लगनाच्या वेळी घ्यावी, असं कोणालाही वाटेल.

पण सोयाबीन पेरताना बीजप्रक्रिया कधी करता? पेरणीच्या आधी. पीक उभं राहून पानं पिवळी पडल्यावर बियाण्याला औषध चोळता येत नाही. ही लसही तशीच आहे. विषाणू शरीरात शिरण्याच्या आधी दिली तरच पुरा फायदा होतो. शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही, झालेला कॅन्सर बरा करत नाही. म्हणून ९ ते १४ हे वय ठरवलं आहे.

दुसरं कारण शरीराचं. या वयात लशीला अंगाची साथ जास्त जोरात मिळते, विशीतल्या बाईपेक्षाही जास्त. म्हणून लहान वयात कमी डोस पुरतात.

आणि तिसरं कारण आपल्या गावांचं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी शंभरात जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. कोवळ्या वयात गर्भाशयाच्या तोंडाची कातडी नाजूक असते, विषाणू तिथे लवकर घर करतो. ‘लगन झाल्यावर पाहू’ म्हणणाऱ्या आईची लेक पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तालुक्यात सासरी गेलेली असते. तिथे तिला उपकेंद्रात कोण घेऊन जाणार? अठराच्या आत लग्न करू नका, हे मी सांगतेच. पण माझं ऐकलं जाईल यावर तिची लस टांगून ठेवणं बरोबर नाही.

ही सुई दिली म्हनजे पोरीले आपन मोकळीक देतो का?

नाही. ज्या देशांत दहा-पंधरा वर्षांपासून ही लस दिली जाते तिथे हे तपासून बघितलं आहे. लस घेतलेल्या मुली घेतलेल्या नसलेल्यांपेक्षा वेगळं वागतात, असं कुठेही दिसलं नाही.

गरोदर सुनेला आपण धनुर्वाताची सुई देतो. आता तिला जखम होऊ दे, असं त्यातून कोणी म्हणत नाही. हेही तसंच.

मंग पोरीले काय सांगू? मले त लाज वाटते.

लाज वाटणं मी समजू शकते. मी स्वतः माझ्या आईशी पाळीबद्दल लग्नापर्यंत बोलले नव्हते.

सगळं एका दिवशी सांगायची गरज नाही. दहा वर्षांच्या पोरीला एवढं पुरतं: ‘बाईच्या पोटात लेकरू वाढते त्या पिशवीच्या तोंडाला मोठेपणी एक कॅन्सर होऊ शकते, तो होऊ नये म्हणून ही सुई आहे. दंडात टोचतात, थोडं दुखते.’ तेरा-चौदाची असली तर विषाणू कसा पसरतो तेही सांगा, कारण ती विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा शिकलेली असते आणि तिला अर्धवट माहिती मैत्रिणींकडून मिळालेली असते. आईकडून पुरी मिळालेली बरी. मुलींना मात्र न सांगता, ‘ताकदीची सुई आहे’ असं खोटं सांगून रांगेत उभं करू नका. पोरीला नंतर खरं कळतंच, आणि मग ती आपली पाळी चुकल्याचं, छातीत गाठ लागल्याचं काहीच तुम्हाला सांगत नाही.

आम्ही शाळेत सांगतो तेव्हा मुलींना वेगळं बसवतो आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहायला देतो. चिठ्ठ्या भरभरून येतात. एका सातवीतल्या मुलीनं लिहिलं होतं, ‘माझ्या आईला पांढरं पाणी जाते, तिले ही सुई द्याल का?’ मला त्या दिवशी लशीपेक्षा त्या चिठ्ठीचं जास्त मोल वाटलं. तिच्या आईची तपासणी दुसऱ्याच आठवड्यात केली.

या सुईनं पुढं लेकरू होईन ना? वांझपन त येत नाई?

लेकरू होतं. या भीतीला मी हसून कधी टाळत नाही. ज्या बाईला मूल होत नाही तिला आपल्या गावात काय ऐकावं लागतं, ते मी रोज बघते. आईला त्या शब्दाची धास्ती वाटणारच.

लशीत काय असतं ते बघा. विषाणूचं बाहेरचं टरफल असतं, तेही कारखान्यात यीस्टमध्ये तयार केलेलं. आत विषाणूचा गाभा नसतो, त्यामुळे लशीतून आजार लागत नाही आणि ती गर्भपिशवीवर काही करत नाही. अंग त्या टरफलाला ओळखायला शिकतं आणि खरा विषाणू आला की अडवतं, एवढंच तिचं काम. जगात ही लस २००६ पासून दिली जाते. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीनं सगळी माहिती पुन्हा तपासली. तोवर २७ कोटींहून जास्त डोस वाटले गेले होते. वांझपणाशी संबंध सापडला नाही. ज्या मुलींनी सुरुवातीला ही लस घेतली त्या आज स्वतः आया आहेत.

उलट कॅन्सर झाल्यावर काय होतं ते सांगते. बहुतेक वेळा पिशवी काढावी लागते किंवा किरणोपचार द्यावे लागतात, आणि ती बाई तरुण असेल तर तिला मूल होण्याचा मार्ग बंद होतो. लेकराची काळजी असेल तर ती या बाजूनं करा.

मोबाईलवर आलं होतं का सुई घेऊन पोरी मेल्या. खरं काय?

त्या मेसेजमागे एक खरी घटना आहे, म्हणून नुसतं ‘अफवा आहे’ म्हणून मी सोडत नाही.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमध्ये वडोदऱ्याला एका प्रकल्पात हजारो मुलींना एचपीव्हीची लस दिली. त्यातल्या सात मुली पुढच्या काही महिन्यांत दगावल्या. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारनं प्रकल्प थांबवला आणि चौकशी नेमली. एक मुलगी पाण्यात बुडून गेली होती, एकीला साप चावला होता, कीटकनाशक पोटात गेल्याचं प्रकरण होतं, मलेरिया होता. लशीमुळे मृत्यू झाल्याचं चौकशीत दिसलं नाही. हजारो मुलींवर महिनोन्महिने नजर ठेवली की त्यांच्यातल्या काही दुर्दैवानं इतर कारणांनी जातात. आपल्याकडेही साप आणि फवारणीचं औषध काय करतं ते कोणाला सांगायला नको.

पण त्या चौकशीत दुसरी गोष्ट उघडी पडली आणि ती लाजिरवाणी होती. आदिवासी वसतिगृहांतल्या अनेक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. मुलींना धड सांगितलेलं नव्हतं. २०१३ साली संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असली तरी न विचारता टोचणं हा अन्यायच आहे. म्हणून आश्रमशाळेत लेक असेल तर ‘माझी सही घेतल्याशिवाय टोचू नका’ असं तिथे सांगून ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि संमतीचा कागद घरी आला की तो वाचा, वाचता येत नसेल तर माझ्याकडून वाचून घ्या.

एक डोस घ्या लागते का दोन? कोनी तीनही सांगते.

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. लस निघाली तेव्हा तीन डोस होते, मग लहान मुलींसाठी दोन झाले, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयाच्या मुलींना एक डोसही चालतो असं मान्य केलं. एकवीसच्या वर दोन, सहा महिन्यांच्या अंतरानं. एचआयव्ही किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना निदान दोन, शक्य असेल तर तीन. खासगी दवाखान्यात कंपनीच्या पत्रकाप्रमाणे १४ पर्यंत दोन आणि १५ पासून पुढे तीन डोस सांगतात.

एका डोसचा पुरावा आपल्या मातीतला आहे, हे मला सांगावंसं वाटतं. २००९ मध्ये देशातल्या नऊ ठिकाणी दोन डोस की तीन, हे बघणारा अभ्यास सुरू झाला होता. त्यातलं एक ठिकाण सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी, एक पुणे. खम्ममच्या प्रकरणामुळे देशभर अशा अभ्यासांतलं लसीकरण थांबलं आणि हा अभ्यासही अर्ध्यात अडकला. जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, दहा वर्षं त्यांच्या मागावर राहिले. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ नंबरच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनं सुमारे ९५ टक्के संरक्षण दिलं, दोन आणि तीन डोसांनी सुमारे ९३. म्हणजे फरक नाहीच. बार्शीकडच्या खेड्यांतल्या मुलींच्या दंडावरून जगाचा डोस ठरायला मदत झाली. आता तुमच्या पोरीला एका सुईत काम भागतं ते त्यामुळे.

कॅन्सर खरंच कमी होते का, का नुसतं कागदावर?

होतो. इंग्लंडमध्ये २००८ पासून शाळेत ही लस देतात. बारा-तेराव्या वर्षी लस मिळालेल्या मुली विशीत आल्या तेव्हा त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. आपल्या देशात सिक्कीमनं २०१८ मध्ये शाळाशाळांतून मोहीम घेतली आणि जवळपास ९७ टक्के मुलींना लस पोचवली. डोंगरातल्या राज्यात जमलं. आपल्याकडे रस्ते तरी सपाट आहेत.

पैसे किती लागतात?

सरकारी लस फुकट. पिचकारी, कापूस, कार्ड, कशाचेही पैसे नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका. कोणत्या वयाच्या मुलींचा नंबर आहे आणि गावात सत्र कधी आहे, ते आशाताईच्या यादीत असतं.

वय यादीच्या बाहेर गेलं असेल तर खासगीत मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही भारतात बनलेली लस २०२३ च्या जानेवारीत बाजारात आली. एका डोसला दोन हजारांच्या घरात पैसे जातात. बाहेरच्या कंपन्यांच्या लशी त्याहून महाग. चार दिवसांची मजुरी मोडून दोन हजार काढा, असं मी कोणालाच म्हणत नाही. आधी सरकारी सत्राची चौकशी करा.

पाळीत सुई चालते का?

चालते. पाळीचा आणि लशीचा काही संबंध नाही. पाळी सुरू झालेली नसली तरी चालते. घरात बाहेरची बसवत असाल तरी तेवढ्यासाठी सत्र चुकवू नका.

माह्या पोरीले सिकलसेल हाये. जमन का?

जमतं. ही जिवंत विषाणूची लस नाही. सिकलसेल आहे म्हणून लस अडत नाही, एसएस (म्हणजे आजार) असो की एएस (म्हणजे नुसती वाहक). आपल्या पट्ट्यात, गडचिरोली-गोंदियापासून मेळघाटापर्यंत, सिकलसेलच्या मुली खूप आहेत आणि ‘हिला आधीच आजार आहे’ म्हणून आई तिला प्रत्येक सुईपासून दूर ठेवते. या मुलींना तर आजारांपासून जास्त जपायचं असतं. फक्त दुखणं उठलेलं असेल, ताप असेल, भरती असेल तर ते निवळू द्या आणि सिकलसेलचं कार्ड सोबत आणा.

रक्त कमी असलं तरी लस देता येते. लोहाच्या गोळ्या मात्र सोडू नका.

कोनाले देऊ नये?

गरोदर बाईला देत नाहीत, बाळंतपणानंतर घेता येते. आधीच्या डोसला किंवा यीस्टला जोराची ॲलर्जी आली असेल तर देत नाहीत. अंगात खूप ताप असेल तर पुढच्या सत्रात. साधी सर्दी असली तर चालतं. फिट येणारी, हृदयाचा आजार असलेली किंवा कायमची औषधं घेणारी मुलगी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधी दाखवा. मी सुई टोचणारी बाई आहे, तिथे त्यांचाच शब्द.

सुई घेतल्यावर काय होते?

दंड दुखतो, थोडा सुजतो, लाल होतो. काहींना बारीक ताप, डोकेदुखी. एक-दोन दिवसांत जातं. ताप आला तर पॅरासिटामॉल, तीही आम्ही सांगू तेवढीच. दंडाला हळद, चुना, बाम काही लावू नका, ओली पट्टी ठेवली तरी पुरे.

चक्कर हा खरा त्रास आहे. या वयाच्या मुलींना कोणत्याही सुईनं चक्कर येते, भीतीनं आणि उपाशीपोटी. सकाळी सातची शाळा, घरून नुसता चहा पिऊन निघालेली मुलगी, वर विदर्भातलं ऊन. मग एक पडते आणि तिला बघून चौघी पडतात, फोटो निघतात, तालुकाभर फिरतात. म्हणून आईला माझं हात जोडून सांगणं आहे: त्या दिवशी पोरीला पोहे द्या, भाकर द्या, काहीही द्या, पण उपाशी पाठवू नका. पाणी पाजा. सुई बसून घ्यावी आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावं. तो अर्धा तास आम्ही ॲलर्जी बघण्यासाठी ठेवतो. जोराची ॲलर्जी फार क्वचित येते, पण आली तर लगेच येते आणि तिचं औषध सत्रावर तयार असतं. घरी गेल्यावर अंगावर चकंदळं उठली, श्वास लागला किंवा ताप उतरेना, तर मला नाहीतर आशाताईला रात्री-बेरात्री फोन करा, आणि १०८ लावा.

बाटली पाहू का? म्हंजे, राग नका मानू.

राग कशाला? बघाच. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी बारा लेकरांना सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं वाचली, पण त्या बातमीनंतर कितीतरी आया माझ्यासमोर बाटली हातात घेऊन बघायला लागल्या. मला त्यात अपमान वाटला नाही. नाव बघा, मुदतीची तारीख बघा, पिचकारीचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. लस थंड पेटीतून निघाली पाहिजे. २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, मे महिन्यात टेबलावर पडलेली चालत नाही. हे विचारणारी आई कोणत्याही सत्रावर आली तर तिला नीट उत्तर मिळालंच पाहिजे.

पोट्ट्याइले कायले नाई?

चांगला प्रश्न. विषाणू मुलांनाही लागतो, त्यांच्यात घशाचा आणि लिंगाचा कॅन्सर करू शकतो, आणि तेच तो पुढे बायकांपर्यंत नेतात. काही देशांत मुलांनाही देतात, सर्व्हावॅकही मुलगे-मुली दोघांसाठी मंजूर आहे. पण आपल्याकडे सगळ्यात जास्त मरतात त्या बाया, म्हणून सरकारी लस आधी मुलींना. बापानं म्हणावं, पोराला खासगीत देतो, तर जरूर द्यावी.

माह्यं वय अडतीस. मी घेऊ का?

या वयात लशीचा फायदा फार थोडा. तुमच्यासाठी तपासणी आहे आणि ती लशीइतकीच मोलाची आहे.

उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या बायांची तपासणी फुकट होते. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. दुखत नाही. पाच-सात मिनिटांचं काम. जागा बिघडलेली निघाली तर कॅन्सर होण्याच्या आधीच ती जाळून किंवा गोठवून टाकता येते, बाई त्याच दिवशी घरी. एवढं सोपं असून राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांतल्या दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बाया तपासल्या होत्या. १९८९ साली त्यांनी लिहिलं की शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. आजही अंगावरून जातं ते बाईचं नशीब, असं मानून बाया गप्प बसतात.

दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, वासाचं पाणी: यातलं काहीही असेल तर वेचणी संपायची वाट बघू नका. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन या, कागद मी भरून देते.

लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर ही तपासणी लागेल, कारण लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही. आणि हेही सांगते: खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं, होणारा तोंडाचा कॅन्सर या सुईनं टळत नाही. त्यासाठी खर्राच सोडावा लागतो, बायांनीसुद्धा.

पोरगी शाळेत जात नाई, वेचाले जाते. तिचं कसं?

मला सगळ्यात जास्त काळजी याच मुलींची आहे. त्यांचं लग्न लवकर होतं आणि शाळेच्या हजेरीपटात त्यांचं नाव नसतं. आशाताईला घरी येऊन नाव लिहायला सांगा. सत्र उपकेंद्रातही होतं. दिवाळीनंतर कुटुंब कामाला बाहेर जाणार असेल तर आधी कळवा. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. तेव्हापासून दिवाळीपर्यंत पोरी गावात असतात, त्या दिवसांत जमवता येतं.

तिचा बाप नाई म्हन्ते. सासूबाई त ऐकतच नाई.

भांडून घेऊ नका. आणि संमतीशिवाय आम्ही टोचतही नाही. नाही म्हटल्यानं रेशन बंद होत नाही, शाळेतून नाव कटत नाही.

त्यांना माझ्याकडे पाठवा, किंवा मीच येते. बाप बहुतेक वेळा विरोधात नसतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. बायांचा विषय म्हणून आपण त्याला खोलीबाहेर ठेवतो आणि सही मात्र त्याची मागतो. एका बापानं मला चावडीवर विचारलं, ‘माह्या मायले हेच झालं होतं का?’ त्याची आई रक्त जाऊन गेली होती, नाव कोणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, बहुतेक हेच असेल. त्यानं दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरी स्वतः आणल्या, धाकटीचं वय कमी होतं म्हणून तिला परत न्यावं लागलं.

सासूबाईंना तारीख-वार सांगू नका, त्यांच्या ओळखीतल्या अशा बाईची आठवण काढा. प्रत्येक गावात एक असते.

कार्डाचं काय करू?

जपून ठेवा. त्यावर लशीचं नाव, तारीख आणि बॅच नंबर लिहून घ्या, मोबाईलमध्ये फोटो काढा. जन्माचा दाखला, टीसी ठेवता त्याच पेटीत ठेवा. पोरगी सासरी जाईल तेव्हा हे कार्ड तिच्यासोबत द्या, आणि तिशीनंतर तपासणीला जायचं आहे हे त्याच्या मागे तुमच्या हातानं लिहून द्या. लिहिता येत नसेल तर उपकेंद्रात घेऊन या, मी लिहून देते.